एकदाच दाबायचं!

गाडीला चोरापासून वाचवणारं यंत्र बसवायचं, असं खात्रीकाकांनी एका रविवारी सकाळी दाढी करता करता ठरवलं आणि तिथूनच सगळ्याला सुरुवात झाली. काकूंचं म्हणणं असं, की त्या दिवशी त्यांनी दाढी पुढे ढकलून निदान पेपर वाचला असता तरी पुढचं रामायण टळलं असतं. पण काही माणसांना आरशासमोर उभं राहिलं की नको ते सुचतं.

"आपल्या गाडीला?" काकूंनी विचारलं.

"मग काय शेजाऱ्यांच्या गाडीला बसवू?"

"अहो, पण आपली गाडी चोरणार कोण? दुसऱ्या गिअरला ती उचकी देते. पुढचं दार आतून उघडायला खांदा लावावा लागतो. चोराला ती न्यायची झाली तर आधी चार दिवस तुमच्याकडे शिकवणी लावावी लागेल."

"तेच तर म्हणतोय मी! चोराला हे माहीत नसतं. तो नेणार आणि मग पस्तावणार. त्याच्या पस्तावण्याचा आपल्याला काय उपयोग?"

यावर काकूंनी हात टेकले. (संसारात त्यांनी इतक्यांदा हात टेकले होते, की आता त्या उभ्या उभ्याच टेकत.)

खात्रीकाका हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाळण्यातलं नाव काय, ते एक बँकेच्या हजेरीपटाला ठाऊक. काका बँकेत लॉकर विभाग सांभाळत. गिऱ्हाईक आपलं लॉकर बंद करून जिना चढून गेलं, की काका त्या लॉकरची मूठ ओढून बघत. मग पहिल्यांदा ओढली ती नीट ओढली होती का, हे बघायला पुन्हा ओढत. उभी नोकरी तळघरातल्या त्या खोलीत मुठी ओढण्यात गेल्यावर माणसाच्या हाताला दुसरं वळण कुठून लागणार? घराला कुलूप लावलं तरी तेच. कॉलनीतली माणसं म्हणत, काका कुलूप लावत नाहीत, कुलपाला लटकतात. एकदा तर ओढता ओढता कुलूप, कडी आणि दाराची ढलपी अशी सगळी मिरवणूक त्यांच्या हातात आली. घर सताड उघडं. "बघ, मी म्हणतो ना, खात्री करून घ्यावी!" तेव्हाही काका हे म्हणायला विसरले नाहीत.

यंत्र बसवण्यामागचं खरं कारण मात्र वेगळं होतं, आणि ते आरशाला आणि त्यांना दोघांनाच माहीत होतं. त्यांच्या एकुलत्या एक लेकीला दिवस गेले होते.

ही लेक जन्मली तेव्हा काकांकडे सायकल होती. दवाखान्यातून घरी न्यायच्या दिवशी ठरवलेली टॅक्सी आलीच नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला दया आली आणि तान्ह्या लेकीला घेऊन नवरा-बायको पावाच्या टेम्पोतून घरी आले. पोरीला पुढचे दोन दिवस पावाचा वास येत होता. काकू ती गोष्ट हसत हसत सांगत. काकाही हसत, पण त्यांना ते लागून राहिलं होतं. आपल्या पोरीला आपण पावाच्या क्रेटमधून आणलं! म्हणून नातवंड येईल ते आपल्या स्वतःच्या गाडीतून येईल, दारं नीट बंद असलेल्या, कुणी हात लावू न शकणाऱ्या गाडीतून येईल, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. लेकीला तसा शब्दही दिला होता. लेक म्हणाली होती, "बाबा, पावाचा टेम्पो आला तरी चालेल हो मला." पण ती तसं म्हणाली म्हणून तर काकांना आणखीच लागलं.

तर वायरिंगवाला आला. (गाड्यांचं वायरिंग करणारा हा माणूस. त्यालाही खरं नाव असणार, पण त्याच्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा ते नव्हतं.) त्याने सीटखाली, बॉनेटखाली, डॅशबोर्डखाली शिरून शिरून दिवसभर तारा ओढल्या. काचेजवळ एक लाल दिवा लुकलुकायला लागला. कुणी परक्याने दार उघडलं तर भोंगा वाजणार आणि इंजिन बंद पडणार.

"आणि चोराने आधी बॅटरीच काढली तर?" काकांनी विचारलं.

"एवढा विचार चोर करत नाही, काका."

"पण मी करतो ना!"

मग काकांच्या हट्टाखातर भोंग्याला स्वतःची वेगळी बॅटरी बसली. गाडी मेली तरी भोंगा जिवंत राहील अशी सोय झाली. शेवटी वायरिंगवाल्याने काकांच्या हातावर एक इवलासा रिमोट ठेवला. त्याला एकच बटण. दाबलं की गाडी 'टुक' म्हणायची, दारं खटकन लागायची, दिवे मिचकायचे. पुन्हा दाबलं की 'टुक टुक', दारं उघडी.

काकांनी बटण दाबलं. टुक. पुन्हा दाबलं. टुक टुक. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं, की काकूंना त्यांच्या लग्नाचा फोटो आठवला. (त्या फोटोत ते हसू नव्हतं, म्हणूनच आठवला.)

त्या दिवसापासून रिमोट काकांच्या खिशात आणि काकांचा अंगठा रिमोटवर. आजवर खात्री करायची तर जाऊन मूठ ओढावी लागे. आता बसल्या जागी खात्री! चहा पिताना दाबलं. आंघोळीहून आल्यावर दाबलं. रस्त्याच्या पार त्या टोकाला भाजी घेताना मागे न बघता दाबलं. बँकेत तर बघायलाच नको. तळघर, वर लोखंडी दार, जाड भिंती, आणि गाडी दोन गल्ल्या पलीकडे. तरी गिऱ्हाइकाच्या लॉकरची मूठ एका हाताने ओढली, की दुसऱ्या हाताने खिशातलं बटण दाबलं जायचंच. 'टुक' ऐकू येत नसे, पण मनाला बरं वाटे. बटण कसलं, औषधाची गोळीच झाली होती ती.

गाडीला मात्र ते मानवेना. काही आठवड्यांत ती ऐकेनाशी झाली. आधी एकदा दाबून उघडायची, ती दोनदा दाबल्याशिवाय हलेना. मग चारदा. काकांनी रिमोटचा सेल बदलला, फडक्याने पुसला, उन्हात ठेवला. आणि ऐकत नाही म्हटल्यावर जास्तच दाबायला लागले, हे वेगळं सांगायला नको.

त्यांनी वायरिंगवाल्याला फोन लावला.

"काका, गाडी ओळखत नसेल."

"कुणाला? मला? अहो, इतकी वर्षं चालवतोय मी तिला!"

"तुम्हाला नाही हो, रिमोटला. घेऊन या, बघू."

नेली. वायरिंगवाल्याने दोनदा बटण दाबलं आणि गाडी शहाण्या लेकरासारखी टुक टुक म्हणाली. पाचदा करून बघितलं, पाचही वेळा सुरेख.

"आता काय बघू मी हिच्यात?" वायरिंगवाला म्हणाला.

"घरी अशी वागत नाही हो ती," काका म्हणाले. शाळेत बोलावलेल्या बापासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

त्यानंतर चारच दिवसांनी नात झाली.

काकांना फोन आला तेव्हा ते बँकेत होते. त्यांनी बातमी ऐकली, फोन ठेवला आणि खरी बातमी होती ना, म्हणून पुन्हा फोन लावला. खरी होती. मग ते तळघरातल्या स्टुलावर बसले आणि डोळे पुसले. एक गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघून हळूच म्हणालं, "काही गेलं का लॉकरमधून?" "नाही हो, आलं!" काका म्हणाले.

जावई परगावी कामावर होता, तो आठवड्याने यायचा होता. लेकीने बाळाला घेऊन काही दिवस आई-बाबांकडे राहायचं, हे आधीच ठरलेलं. प्रश्न फक्त न्यायचं कशातून एवढाच होता, आणि तो व्याह्यांनी उभा केला. व्याही माणूस मनाने मोठा आणि गाडीने त्याहून मोठा. त्यांची गाडी सुरू झाली की झाली का नाही ते कळत नसे, इतकी ती अबोल.

"तुम्ही कशाला त्रास घेता? आमची गाडी आहे की!" व्याही म्हणाले.

"त्रास कसला? नात आमच्या गाडीतून येईल," काका म्हणाले.

"सुरू होते ना ती?"

हे व्याह्यांनी अगदी काळजीपोटी विचारलं, पण काकांना ते मिरचीसारखं झोंबलं.

घरी न्यायचा दिवस उजाडला. काकांनी गाडी धुतली, आतून पुसली, मागच्या सीटवर धुतलेली चादर आणि दोन उशा ठेवल्या. सकाळी रिमोट सातआठदा दाबल्यावर गाडी कशीबशी उघडली, पण दवाखान्यापर्यंत विनातक्रार आली. काकांनी ती मागच्या अंगणात सावलीला लावली आणि वरच्या मजल्यावर गेले.

दवाखान्यातून सोडणं ही काही साधी गोष्ट नव्हे. डॉक्टर यायचे असतात, ते येतात तेव्हा नर्स गेलेली असते, नर्स येते तेव्हा सही राहिलेली असते. काका खिडकीशी उभे राहिले. खिडकी पुढच्या रस्त्याकडे, गाडी मागच्या अंगणात. मध्ये अख्खी इमारत. काकांचा हात खिशात होता.

"अहो, बाळाला घ्या की जरा," काकू म्हणाल्या.

"नको, नको. माझे हात लॉकरवाले. कुठे ओढलं-बिढलं गेलं तर?" काका म्हणाले आणि दुरूनच बघत राहिले. नात पावाच्या लादीएवढी होती. (ही उपमा काकांच्या मनात आली आणि त्यांनी ती तातडीने हाकलून दिली.) त्यांना तिला घ्यायचं होतं, फार घ्यायचं होतं, पण भीतीने हात पुढे होत नव्हते. म्हणून ते बटण दाबत राहिले.

शेवटी वरात खाली उतरली. पुढे बाळाला घेतलेल्या काकू, मागे सावकाश चालणारी लेक, तिच्यामागे पिशव्या, थर्मास आणि दुपटी सावरणारे काका. मागच्या दारात व्याही उभेच होते. "मी आपला सहज, निरोप द्यायला आलो," ते म्हणाले. त्यांची गाडी मात्र पायरीला लावून, दार उघडून तयार होती.

काकांनी तिकडे न बघता आपल्या गाडीकडे कूच केलं. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. गाडीने ढिम्म ओळख दाखवली नाही. जवळ जाऊन, काचेला टेकवून, वाकून, डोक्यावर धरून दाबलं. लाल दिवा आपला लुकलुकतोय. शेवटी काकांनी चावी काढली, दाराला लावली आणि फिरवली.

आणि भोंगा वाजला.

तो भोंगा कसा होता हे सांगून कळायचं नाही. आधी तो शेपटीवर पाय पडलेल्या कुत्र्यासारखा ओरडला, मग रुग्णवाहिकेसारखा, मग दोन्ही मिळून. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती, तिच्यावरची कबुतरं उडाली. वरच्या मजल्यावर एक बाळ रडलं. त्याचं ऐकून दुसरं. मग सगळ्या वॉर्डाने एकदम सूर लावला. खिडक्या उघडल्या आणि त्यांत बाप दिसायला लागले.

"ए! कोण रे तिकडे? सोड गाडी!" दवाखान्याचा वॉचमन काठी घेऊन धावत आला.

"अहो, माझीच गाडी आहे!" काका ओरडले.

"चोर काय पाटी लावून येतो काय? तुमची कशावरून?"

"चावी आहे ना माझ्याकडे!"

"चावी असून भोंगा कसा वाजतो मग?"

हा प्रश्न इतका बिनतोड होता, की काकांना राग यायच्या ऐवजी त्या वॉचमनबद्दल आदरच वाटला. भोंगा डोक्यावर किंचाळत असताना ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शाबास! असंच विचारायला पाहिजे. आता मला विचारा, आत काय काय आहे."

"काय आहे?"

"मागे निळी चादर, दोन उशा. पुढे चष्म्याचं रिकामं घर."

वॉचमनने काचेतून डोकावून बघितलं. "उशी एकच दिसतीय."

"दोन आहेत!"

"एकच आहे."

काकांचा चेहरा पडला. आता तर त्यांनाही शंका यायला लागली, की ही गाडी खरंच आपलीच का? त्यांनी नंबर वाचून बघितला. दुसरी उशी खाली घरंगळली होती, हे काकूंनी येऊन दाखवलं तेव्हा कुठे त्यांचा स्वतःवर विश्वास बसला.

मग जो तो दुरुस्तीला पुढे सरसावला. खिडकीतला एक बाप म्हणाला, चाक लाथाडा. काकांनी लाथ मारली. भोंगा तसाच, पायाचा अंगठा मात्र ठणकायला लागला. दुसरा म्हणाला, बॅटरीची तार काढा. काकांनी बॉनेट उघडून, बोटं काळी करून तार काढली. लाल दिवा विझला. भोंगा आणखी जोमाने वाजायला लागला.

"अहो, बॅटरी काढली तरी वाजतोय कसा?" व्याह्यांनी कानात बोटं घालून विचारलं.

"त्याला वेगळी बॅटरी आहे!" काका ओरडले.

"कुणी बसवली?"

काकांनी ऐकू न आल्यासारखं केलं. त्या गोंगाटात ते सहज खपून गेलं.

एक नर्स खाली आली. "ओ आजोबा, मॅडमनी सांगितलंय, हे बंद करा नाहीतर सगळी बाळं खाली आणून तुमच्या मांडीवर ठेवते." आजोबा ही हाक काकांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली, आणि ती अशी ऐकली. त्यांनी दुपटी भोंग्याभोवती गुंडाळली, वर पिशवी दाबली आणि स्वतः बॉनेटमध्ये अर्धे पालथे पडले. मग एकाएकी भोंगा आपणहून थांबला. थकला असावा.

शांतता पसरली. सगळ्यात नवल म्हणजे एवढ्या गदारोळात त्यांची नात काकूंच्या हातात ढाराढूर झोपली होती.

"चला, झालं ते झालं," व्याही हळू आवाजात म्हणाले. "पोरीला किती वेळ उभं ठेवायचं? आमच्या गाडीतून जाऊ. गाडीचं मागाहून बघता येईल."

ते बरोबरच बोलत होते, हीच तर अडचण होती. काका बॉनेटमधून उठले. कपाळाला ग्रीस, हाताला काजळी. लेक दवाखान्याच्या पायरीवर टेकली होती, दमलेली. काका तिच्याकडे बघायचं टाळत होते. एवढा शब्द दिला आणि एवढंही जमू नये! त्यांनी कपाळावरचं ग्रीस बाहीने आणखी पसरवलं. "हो," ते म्हणाले, "त्यांच्या गाडीतून जा. मी येतो मागाहून."

लेकीने बापाचा चेहरा बघितला. "मला काही घाई नाही," ती म्हणाली. "सावली छान आहे इथे. आई, त्या वायरिंगवाल्याला फोन लाव ना एकदा."

काकूंनी बाळाला लेकीकडे दिलं, फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा आवाज करून गाडीच्या टपावर ठेवला. वायरिंगवाल्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ओळख तुटली, काकू," तो म्हणाला. "कसं असतं, दर वेळी बटण दाबलं की रिमोट एक पाऊल पुढे टाकतो, आणि गाडीने ऐकलं की तीपण टाकते. पण गाडी जवळ नसताना दाबलं, की रिमोट एकटाच पुढे जातो. थोडा पुढे गेला तर गाडी धावत येऊन गाठते. फारच पुढे गेला तर म्हणते, हा कोण बाबा? पण तेवढं व्हायला शेकड्यांनी दाबावं लागतं. कुणी दाबत नाही तसं."

"लांबून दाबलं तर होतं असं?" काकूंनी सावकाश विचारलं. "म्हणजे, समजा, बँकेतून?"

"बँकेतून?" वायरिंगवाला हसला. "बँकेतून कोण शहाणा दाबेल, काकू?"

टपाभोवतीच्या सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या. व्याह्यांची वळली, वॉचमनची वळली, आणि खिडकीतल्या बापांच्यासुद्धा वळल्या. काका उशी नीट करण्यात गर्क झाले.

"तसं मी... रोज नाही दाबत," ते उशीला म्हणाले. "रविवारी बँक बंद असते."

फोनवर कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग वायरिंगवाला म्हणाला, "बरं. उपाय आहे. बॅटरीची तार लावा. आत बसा, चावी फिरवा. दिवा भराभर लुकलुकायला लागेल. मग बटण एकदाच दाबायचं. एकदाच! आणि गप बसायचं. गाडी जरा वेळ घेईल, मग टुक म्हणेल. मध्ये पुन्हा दाबलं की पहिल्यापासून."

"एवढंच?" काका म्हणाले आणि तार लावून आत बसले.

चावी फिरवली. दिवा लुकलुकला. काकांनी बटण दाबलं. सगळे श्वास रोखून उभे. गाडी विचार करत होती. आता काकांच्या मनात आलं, दाबलं ते लागलं ना नीट? वरवर तर नाही दाबलं? त्यांनी दाबलं.

भोंगा वाजला. वरच्या मजल्याने पुन्हा सूर लावला.

"अहो, एकदाच!" काकू ओरडल्या.

"एकदाच दाबलं होतं! दुसऱ्यांदा नुसती खात्री केली!"

भोंगा पुन्हा थकून थांबल्यावर, दुसऱ्या खेपेला काकांनी रिमोट डॅशबोर्डवर ठेवला आणि हात मांडीखाली दाबून बसले. उजवा हात निसटला. तिसऱ्या खेपेला व्याह्यांनी खिडकीतून त्यांचा उजवा हात धरून ठेवला. डाव्याने घात केला. वॉचमन डावा हात धरायला पुढे आला, तसे काका म्हणाले, "नका हो, मला अटक केल्यासारखं दिसतंय ते."

आता काकूंनी पदर खोचला. "या बाहेर," त्या म्हणाल्या. काका बाहेर आले. काकूंनी रिमोट काढून घेतला, ओल्या रुमालाने त्यांचे हात खसाखसा पुसले आणि लेकीकडून बाळ घेऊन त्यांच्यासमोर धरलं.

"धरा."

"अगं, पण माझे हात..."

"तेच हात हवेत मला. दोन्ही. एक मानेखाली, एक खाली. धरा म्हणते ना!"

काकांनी धरलं. ती हलकी होती आणि तरीही हात भरून गेले. ती इतकी ऊबदार असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांना एकदम पावाच्या टेम्पोतली सकाळ आठवली. तेव्हाही असंच गाठोडं हातात होतं आणि वाटेत टेम्पो किती हादरला तरी ते जागं झालं नव्हतं. त्या दिवशी आपण किती सुखात होतो, हे इतकी वर्षं आपण विसरलोच कसे, असं त्यांना वाटलं. त्यांचे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

काकू गाडीत बसल्या. चावी फिरवली. बटण दाबलं. एकदाच. रिमोट पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन ओढली.

दुपट्यावर काकांचा अंगठा आपोआप हलत होता, पण तिथे बटण नव्हतं.

टुक.

वरच्या खिडक्यांतून टाळ्या पडल्या. व्याह्यांनी काकांना मिठी मारायला हात पसरले, बाळ बघून आवरते घेतले आणि जोरजोराने मान हलवली. इंजिन सुरू झालं, उचकीसकट.

"द्या तिला आता, आणि बसा चालवायला," लेक म्हणाली.

काकांनी नातीकडे बघितलं. "आत्ता हलवली तर उठेल," ते म्हणाले. "आई चालवेल."

गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा काकूंना ती चालवायला मिळाली आणि शेजारी बसून 'ब्रेक लागला का बघ' म्हणणारं कुणी नव्हतं. काका मागे होते, निळ्या चादरीवर, दोन उशांच्या मध्ये, नातीला घेऊन. शेजारी लेक डोळे मिटून त्यांच्या खांद्यावर टेकली होती. मागून व्याह्यांची अबोल गाडी सोबतीला येत होती. दारं बंद होती. शब्द पाळला गेला होता. काकांना वाटलं, जगात आता कसली म्हणून काळजी उरली नाही.

हे वाटलं आणि लगेच त्यांचं लक्ष नातीच्या तोंडाकडे गेलं. फारच शांत झोपली होती ती. जरा जास्तच शांत. श्वास घेतेय ना? त्यांनी कान जवळ नेला. इंजिनाच्या आवाजात काही कळेना. त्यांनी एक बोट हळूच नातीच्या गालावर ठेवलं आणि अगदी अलगद दाबलं. ओठ हलले. काकांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांना वाटलं, ओठ हलले का गाडी हलली म्हणून हलल्यासारखे दिसले? त्यांनी पुन्हा दाबलं.

नातीने डोळे उघडले, तोंड उघडलं, आणि दवाखान्यातल्या त्या भोंग्याला तिने कुठल्या कुठे मागे टाकलं. लेक दचकून उठली. पुढचा स्कूटरवाला रस्ता सोडून बाजूला झाला. काका घामाघूम होऊन तिला झुलवत होते, पाठ थोपटत होते, माफी मागत होते, पण आवाज चढतच गेला.

काकूंनी आरशातून मागे बघितलं आणि गाडीचा वेग जरा कमी केला.

"आता हिची बॅटरी कुठून काढतात," त्या शांतपणे म्हणाल्या, "तेवढं विचारा त्या वायरिंगवाल्याला."